ताटाची डावी बाजू: लकव्यानंतर मेंदूला पुन्हा कामाला लावताना

लकव्याचा झटका येऊन गेला की घरच्यांचं सगळं लक्ष हातापायाकडे लागतं. पाय उचलतो का, मूठ उघडते का, आधाराशिवाय उभं राहता येतं का. दोन-तीन महिन्यांत चालणं बऱ्यापैकी सुधारतं, भेटायला आलेले म्हणतात ‘आता तर बरे झाले’, आणि मग वेगळ्याच गोष्टी समोर येऊ लागतात. गॅस चालूच राहतो. सकाळची गोळी दोनदा घेतली जाते. चार माणसं एकदम बोलायला लागली की बाबा उठून आत जातात. घरातून दोनच निष्कर्ष निघतात: ‘वय झालं’ किंवा ‘स्वभाव बदलला’. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. झटक्याने जसा पाय अधू होतो, तसंच लक्ष, विचाराचा वेग, आठवण आणि कामाची आखणीही अधू होते. झटक्यातून वाचलेल्या दर तिघांपैकी निदान एकाला हा त्रास होतो. फरक एवढाच, की पायाचं लंगडणं दिसतं आणि हे दिसत नाही, म्हणून पायाला व्यायाम मिळतो आणि याला मिळतात फक्त टोमणे.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. म्हणूनच मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनीच फुटली, की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती आजूबाजूच्या जिवंत जाळ्यामुळे. नागपूरच्या वर्धा रोडवर काम निघालं की गाड्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढतात, आधी चुकत-अडखळत, मग रोजच्या येण्याजाण्याने ती वाट सरावाची होते. मेंदूतही नव्या जोडण्या वापराने पक्क्या होतात आणि न वापरल्यास बुजतात. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत हा वेग सगळ्यांत जास्त असतो. नंतर तो मंदावतो, थांबत मात्र नाही.

आधी पाय, मग कोडी

‘डोक्यासाठी काय करायचं?’ असं विचारणाऱ्यांना सुडोकू किंवा मोबाइलवरचा खेळ अपेक्षित असतो. आमचं पहिलं उत्तर चालणं हेच असतं. दम लागेल असा व्यायाम केला की मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, आणि चेतापेशींना वाढायला व नव्या जोडण्या करायला मदत करणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात तयार होतं. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्क, निरोगी माणसांवर एक चाचणी झाली. वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग थोडा आक्रसला.

ती निरोगी माणसं होती, हे खरं. पण २०२२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमधून झटका येऊन वर्ष उलटलेल्या १२० जणांवरच्या चाचणीचा निकाल आला. ६ महिने, आठवड्यातून दोनदा व्यायाम करणाऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी, हलके ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. म्हणजे ‘वर्ष झालं, आता काय सुधारणार’ हे म्हणणं टिकत नाही. याच चाचणीतली दुसरी गोष्टही घरोघरी माहीत असायला हवी: व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावर ६ महिन्यांनी तपासलं, तेव्हा हा फरक टिकलेला नव्हता.

घाईही नको. २०१५ साली जाहीर झालेल्या ‘ॲव्हर्ट’ या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलेल्यांची ३ महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारातल्या रुग्णांपेक्षा कमी चांगली निघाली. पहिल्या दिवसांत कधी बसवायचं, कधी उभं करायचं, हे वॉर्डातले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच ठरवतील. इथून पुढे जे लिहिलंय ते प्रकृती स्थिर होऊन घरी आलेल्या आणि डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिलेल्या माणसासाठी आहे.

किती चालायचं? शेवटी गाठायचं ते आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ६० मिनिटं. सुरुवात मात्र दिवसातून दोनदा ५-५ मिनिटांनी केली तरी चालते. दर आठवड्याला २-३ मिनिटं वाढवायची. जोर किती, हे नाडीवरून काढता येतं. समजा वय ६२ आणि बसलेलं असताना नाडी ७६. २२० मधून ६२ वजा केले की १५८. त्यातून ७६ वजा केले की उरले ८२. या ८२ चे ४० टक्के म्हणजे ३३, ते ७६ मध्ये मिळवले की १०९. ६० टक्के धरले तर १२५. म्हणजे चालताना नाडी १०९ ते १२५ मध्ये असावी. पण इथेच एक खाच आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी गोळी सुरू असेल, तर नाडी मुळातच दाबलेली असते. तिच्या मागे लागून माणूस गरजेपेक्षा जास्त दमतो. अशा वेळी बोलण्याची कसोटी वापरा: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण आरती म्हणता येऊ नये. आरती आरामात म्हणता येत असेल तर वेग कमी पडतोय. वाक्य तुटत असेल तर जास्त होतोय.

ज्यांना चालता येत नाही त्यांनी खुर्चीवरून उठ-बस करावी, हा उत्तम व्यायाम आहे. हात नसलेली, न हलणारी, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि मगच उठा. चांगला पाय किंचित पुढे आणि अधू पाय मागे ठेवला, तर अधू पायावर वजन येतं. नाहीतर माणूस सगळं काम चांगल्या पायाकडूनच करून घेतो आणि महिनाभर व्यायाम करूनही अधू पाय आहे तिथेच राहतो. ८ ते १० वेळा, मध्ये २ मिनिटं विसावा, असे २ ते ३ फेरे. खाली बसताना धपकन बसायचं नाही, मनात ३ अंक मोजत बसायचं. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून २-३ दिवस पुरेत.

चालवताना मदतनीसाने अधू बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं आणि कमरेच्या पट्ट्याला धरावं. अधू हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. सैल चपला नकोत, मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यावं.

नागपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसांत अंबाझरीला किंवा फुटाळ्याला फिरायला जायचं असेल तर ते साडेपाच-सहाला, ऊन चढायच्या आत. नंतर घरातच, दिवाणखान्यापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या. कूलरसमोर चालत असाल तर त्याच्या पाण्याने फरशी ओली झालेली नाही ना, हे दर वेळी पाहा. तिथे पाय सहज घसरतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी सुरू असलेल्यांना शरीरातलं पाणी कमी होऊन उठताना चक्कर येऊ शकते. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर ते मोजूनच द्यावं लागतं.

विसरणं आणि नोंदच न होणं

मेंदूचा सराव सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्या, नाहीतर मेहनत वाया जाते. चष्म्याचा नंबर आणि कान. बी-१२ आणि थायरॉइड. झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, हे झटक्यानंतर फार जणांमध्ये सापडतं आणि त्याने दिवसभर डोकं जड राहतं. चौथं म्हणजे उदासी. झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि नैराश्यात लक्ष लागत नाही. झोपेच्या गोळ्यांनीही सुस्ती येते. त्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

घरचे म्हणतात ‘विसरतात’. खोलात गेलं की बऱ्याचदा दिसतं, की विसरायला मुळात काही नोंदलंच गेलेलं नव्हतं. टीव्ही सुरू, कुकरची शिटी, दारात दूधवाला, आणि त्यात सून सांगते, ‘बाबा, चार वाजता डॉक्टरकडे जायचं आहे.’ मेंदूचा वेग कमी झालेला असल्यामुळे वाक्याचा पहिला भाग पोचेपर्यंत दुसरा निसटलेला असतो. इथे गोळीपेक्षा टीव्ही बंद करणं जास्त कामाचं. नावाने हाक मारा, नजर मिळू द्या, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा आणि ती त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

मोबाइलवरच्या ‘ब्रेन गेम्स’बद्दल स्पष्ट सांगायला हवं. २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी ६ आठवडे संगणकावर असे खेळ खेळले. खेळात ते तरबेज झाले, पण इतर बौद्धिक कामांत त्याचा उपयोग दिसला नाही. ही झटक्याची रुग्णमंडळी नव्हती, तरी धडा लागू पडतो: मेंदू जे करतो तेच शिकतो. गोळ्या वेळेवर घेता याव्यात असं वाटत असेल तर सराव गोळ्यांचाच हवा. खेळ आवडत असेल तर जरूर खेळावा, पण दिवसाची ताजी २० मिनिटं त्यात घालवू नयेत.

अर्धं ताट

उजव्या मेंदूत झटका आलेल्या माणसाचं ताट एकदा नीट पाहा. आपल्याकडे वाढायची रीत ठरलेली आहे: उजवीकडे भाजी आणि वरणाची वाटी, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. जेवण झाल्यावर उजवी बाजू स्वच्छ, भाताची मूद उजवीकडून अर्धी खाल्लेली, आणि डावीकडची कोशिंबीर जशीच्या तशी. वर तक्रार, ‘आज चटणी केलीच नाही.’ नजर शाबूत असते, पण मेंदू डाव्या जगाकडे लक्षच देत नाही. अशी माणसं डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकतात, पेपर वाचताना ओळीची सुरुवात सोडून देतात आणि म्हणतात, छपाई बिघडली. डोळ्यांचं अर्धं क्षेत्र गेलेला माणूस काही दिवसांत आपणहून मान वळवायला शिकतो. याला मात्र काही राहून जातंय याचीच जाणीव नसते, म्हणून शिकवावं लागतं.

उपाय ताटापासूनच सुरू करा. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावा. जेवायला सुरुवात करण्याआधी आणि नंतर दर चार-पाच घासांनी, लाल पट्टी दिसेपर्यंत मान डावीकडे न्यायची. ‘बाबा, डावीकडे पाहा’ एवढ्याने भागत नाही, कारण ‘डावीकडे’ म्हणजे कुठवर हेच त्यांना कळत नसतं. ‘लाल पट्टी शोधा’ म्हटलं की शेवट ठरतो. आठवडाभर सांगून, मग फक्त ताटाकडे बोट दाखवून, मग गप्प राहून. १० जेवणांपैकी ८ जेवणांत न सांगता पट्टी गाठली, की पट्टी अर्धी कापा आणि नंतर काढून टाका. पेपरच्या कॉलमालाही तशीच लाल रेघ डाव्या कडेला ओढता येते. त्याच कॉलममधले सगळे ‘क’ खोडायला सांगा आणि सुटलेले ‘क’ डाव्या अर्ध्यात किती, उजव्यात किती, हे तारखेसह लिहून ठेवा. सुधारणा होतेय की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळतं.

नेहमी होणारी चूक म्हणजे ताट फिरवून देणं. त्याने जेवण होतं, सराव होत नाही. रात्री थकलेले असतील तर खुशाल फिरवून द्या, सकाळी मात्र नाही. पाण्याचा तांब्या आणि हाकेची घंटी मात्र नेहमी उजवीकडे, कारण त्यावर सुरक्षितता अवलंबून आहे. आणि गाडी? स्कूटर असो की कार, डॉक्टरांनी तपासून होकार देईपर्यंत किल्ली हातात देऊ नका.

एक कप चहा

चहा हा मेंदूच्या सरावाचा अख्खा अभ्यासक्रम आहे: क्रम, लक्ष, वेळेचं भान, हाताचं काम. पायऱ्या नऊ. पातेलं ठेवणं, एक कप पाणी, गॅस पेटवणं, साखर, चहापत्ती, दूध, उकळी येईपर्यंत थांबणं, गॅस बंद, गाळणं. सगळ्या नऊ पायऱ्या पहिल्याच दिवशी करायला लावल्या की गोंधळ आणि रडू. म्हणून उलटीकडून शिकवा. पहिले तीन दिवस सात पायऱ्या तुम्ही करा, गॅस बंद करणं आणि गाळणं त्यांनी. मग उकळी पाहणं त्यांच्याकडे. अशी एकेक पायरी मागे जात वाढवायची. दर वेळी काम त्यांच्या हातून पूर्ण होतं आणि कप त्यांच्या हातात येतो, याने उमेद टिकते.

सगळ्यांत जास्त चुकते ती आठवी पायरी. उकळी आली की लक्ष कपाकडे जातं आणि गॅस तसाच राहतो. त्यासाठी गाळणी आणि कप ओट्यावर ठेवूच नका, बाजूच्या ट्रेमध्ये ठेवा. नियम एकच: बटण फिरवून आणि ज्योत गेलेली डोळ्यांनी पाहूनच गाळणीला हात लावायचा. अधू हाताने सांडशी धरू देऊ नका, दांड्याचं पातेलं घ्या. शेजारी माणूस असल्याशिवाय हा सराव करायचा नाही.

सराव करून घेताना ‘आता काय? आठवा ना!’ हे वाक्य टाळा. आठवण फार कमजोर असलेल्या माणसाचा चुकीचा अंदाजही मेंदूत पक्का होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वर येतो. तो चुकण्याच्या आधीच सांगा, ‘आता साखर.’ ज्यांची आठवण बरी आहे पण घाईने काम बिघडतं, त्यांना मात्र उत्तर देऊ नका. ‘थांबा. पुढची पायरी कोणती?’ एवढंच विचारा.

एखादी नेमकी गोष्ट बसवायची असेल, जसं ‘गोळ्यांचा डबा देवघराशेजारी आहे’, तर वाढत्या अंतराने विचारा. सांगितल्यावर १५ सेकंदांनी, मग ३०, मग १ मिनिट, २, ४, ८, १६. चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगून म्हणवून घ्या आणि शेवटी जमलेल्या अंतरावर परत या. मधल्या वेळात गप्पा मारा, पत्ते लावा. पत्त्यांचा आणखी एक उपयोग आहे. ५२ पानं आधी रंगाने वेगळी करा, मध्येच ‘बदला’ म्हणा आणि आकड्याने लावायला सांगा. जुना नियम सोडून नवा धरणं हे झटक्यानंतर अनेकांना फार जड जातं.

एक गोष्ट बाहेरून आणलेल्या सरावाच्या कागदांबद्दल. कोथिंबिरीचं चित्र दाखवल्यावर नागपूरच्या आजी ‘सांबार’ म्हणणार आणि बटाट्याला ‘आलू’. हे बरोबर उत्तर आहे. बाजारात अर्धं बोलणं हिंदीत होतं, तेव्हा हिंदी शब्द आला तरी तो दोष नाही. शब्दांचा सराव घरात चालते त्याच बोलीत घ्या. गोकुळपेठच्या बाजारातून आणायच्या तीन वस्तूंची यादी करायची तर आलू, सांबार, फल्लीदाणे हीच करा. ज्यांची भाषाच गेली आहे त्यांच्यासाठी स्पीच थेरपिस्ट हवाच. शब्द सुचत नसताना आरती किंवा वारांची नावं सलग येतात, कारण ती पाठांतराची वाट वेगळी असते. त्यावरून ‘बोलता येतं पण बोलत नाहीत’ असा अर्थ काढू नका.

चालता चालता बोलणं

बोलायला लागलं की चालणं थांबवणारी वयस्क माणसं पडण्याची शक्यता जास्त असते, हे १९९७ पासून माहीत आहे. चालण्याकडेच सगळं लक्ष लागत असल्यामुळे दुसऱ्या कामाला काही उरत नाही. चालणं स्थिर झालं की दोन्ही एकत्र करण्याचा सराव घ्यावा. घरात १० मीटर मोजा. नुसतं चालायला २० सेकंद लागली आणि भाज्यांची नावं घेत चालताना २६, तर ३० टक्के जास्त वेळ गेला. दर पंधरा दिवसांनी हे मोजा. लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोची स्टेशनं, १०० मधून ३-३ वजा, घरातल्या मुलांचे वाढदिवस, काहीही चालेल. पाऊल अडखळलं की डोक्याचं काम सोपं करा, चालणं रेटू नका. हे घरातल्या मोकळ्या जागेत, माणूस सोबत असतानाच करायचं. रस्त्यावर अजिबात नाही.

‘मला काही झालेलंच नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, ही जाण जाणं हाही मेंदूच्या इजेचाच भाग असू शकतो. आधी अंदाज विचारा, ‘किती क सुटतील?’ मग मोजून दाखवा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला फरक हळूहळू पटतो.

क्रम असा ठेवा: सकाळी चालणं, अर्धा तास विसावा, मग १५-२० मिनिटं ताट, चहा किंवा पेपरचा सराव. दुपारनंतर थकवा येतो. तो आळस नसतो, आणि त्या वेळी रेटलं तर दुसरा दिवसही जातो. मदत हवी असेल तर नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपीसोबत ऑक्युपेशनल थेरपीचाही विभाग आहे. ताट, चहा, गोळ्या अशा कामांचा सराव हा त्यांचाच प्रांत. जाताना वही न्या: तारीख, किती मिनिटं चालले, किती ‘क’ सुटले, चहाच्या किती पायऱ्या न सांगता केल्या, रात्री झोप किती. ओपीडीतल्या मोजक्या मिनिटांत या पाच ओळींवरून पुढचा महिना ठरवता येतो.

वहीतले आकडे हळूहळू खाली-वर होणारच. पण चेहरा अचानक वाकडा झाला, हात पडला, बोलणं अडखळलं, तर तो थकवा समजून थांबू नका. लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते त्याच वहीत लिहा आणि वही सोबत घ्या.